माल्टाचे सहा, गोव्याचे दोन

नव्या जनगणनेनंतर लोकसभेच्या जागा राज्यांत नव्याने वाटल्या, तर लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या दक्षिणेने शिक्षा का भोगायची, या वादात हल्ली युरोपचा दाखला हमखास येतो. सांगलीतल्या आमच्या वकील मित्रमंडळींचा तर तो हुकमी एक्का झालाय: ‘साडेपाच लाखांच्या माल्टाला युरोपीय संसदेत 6 जागा, आठ कोटींहून मोठ्या जर्मनीला 96. आपल्याकडे गोव्याला 2 आणि उत्तर प्रदेशाला 80!’ मी वकिली थांबवून मास्ट्रिख्टला, म्हणजे 1992 साली ज्या गावात युरोपीय संघाच्या तहावर सह्या झाल्या तिथे, याच संघाचा कायदा शिकतेय. त्यामुळे निवाड्यासाठी फोन मलाच येतो.

आकडे खरे आहेत, पण निष्कर्ष मला पटत नाही. माल्टाच्या एका खासदारामागे नव्वद हजारांच्या आसपास माणसं आणि जर्मनीच्या एकामागे साडेआठ लाखांहून जास्त, हे जर्मन लोक चालवून घेतात, कारण ती संसद त्यांच्या खिशात फारसा हात घालू शकत नाही. संघाचं अंदाजपत्रक सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण 1 टक्का. कराच्या प्रश्नावर संसदेचं मत फक्त विचारायचं, निर्णय सगळ्या देशांच्या एकमताने. तरीही 2009 मध्ये, संघाची नवी चौकट घालणाऱ्या लिस्बन तहावरच्या निकालात जर्मनीच्या घटना न्यायालयाने या असमान मतमूल्यावर बोट ठेवलंच. आपल्या लोकसभेत बहुमत मिळालं की सरकार बनतं, प्राप्तिकर ठरतो, आणि राज्यसभेच्याही साध्या बहुमताची जोड मिळाली की घटनेच्या कलम 3 खाली एखाद्या राज्याचे दोन तुकडेही करता येतात. त्या राज्याचं मत मागवायचं, मानण्याचं बंधन नाही. एवढी ताकद असलेल्या सभागृहात बिहारी मतदाराचं मत मल्याळी मतदाराहून हलकं ठेवा, असं मी तरी म्हणणार नाही.

युरोपात लहान देशांचं खरं संरक्षण संसदेसोबत कायदे करणाऱ्या मंत्र्यांच्या परिषदेत आहे. तिथे प्रत्येक देशाचा मंत्री स्वतः बसतो. बहुतेक कायद्यांना 27 पैकी किमान 15 देश हवेत, आणि त्या देशांत संघाची 65 टक्के लोकसंख्या हवी. दाराला दोन कुलपं, एक देशांच्या संख्येचं, एक माणसांच्या. मोठ्यांना एकट्याने रेटता येत नाही, लहानांना टोळी करून लुटता येत नाही. (एकमताच्या विषयांत मात्र एकट्या हंगेरीने सगळ्यांना ताटकळत ठेवलंय. तो नमुना नको.)

आपल्याकडे हे काम राज्यसभेने करायला हवं होतं. पण तिथेही वाटप लोकसंख्येवरच: उत्तर प्रदेश 31, महाराष्ट्र 19, गोवा 1. त्यात 2003 पासून सदस्य त्या राज्याचा मतदार असण्याची अटही गेली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. मत पक्षाच्या व्हिपवर.

गंमत म्हणजे युरोपसारखी एक खोली आपल्याकडे आहे आणि तिची आठवण कोणी काढत नाही: केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांची जीएसटी परिषद. तिथे गोव्याचं आणि उत्तर प्रदेशाचं मत सारख्याच वजनाचं. निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात, पण केंद्राकडे एकट्याकडे एक तृतीयांश, म्हणजे केंद्राच्या मनाविरुद्ध काहीच होत नाही. युरोपात कायद्याचा प्रस्ताव युरोपीय आयोग, म्हणजे संघाचं कार्यकारी मंडळ, मांडतो, पण परिषदेत त्याला एकही मत नाही. वर्गात हा फरक सांगितला तेव्हा प्राध्यापिकेने मला पुन्हा विचारलं, ‘एक तृतीयांश? नक्की?’

माझं मत म्हणून असं: लोकसभेच्या जागा माणशी द्या, आणि त्याच घटनादुरुस्तीत राज्यसभेला दुसरं कुलूप बसवा. राज्यांच्या सीमा, समवर्ती सूचीतले (केंद्र आणि राज्यं दोघांच्या अखत्यारीतले) विषय, कराची वाटणी, यांना राज्यांच्या संख्येचंही बहुमत लागू द्या.

मार्च 2025 मध्ये तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी चेन्नईत या प्रश्नावर राज्यांची बैठक घेतली, तेव्हा मुंबईतून फारसा आवाज आला नाही. कारण उघड आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र देशाच्या 9.3 टक्के, लोकसभेत 48 जागा म्हणजे 8.8 टक्के. फेरवाटपात जागांचं आपलं नुकसान नाही. पण पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतल्या राज्यांच्या वाट्यातले 6.317 टक्के आपल्याला दिले आणि उत्तर प्रदेशाला 17.939, तेव्हा ओरड आपलीच होती. त्या वाटणीवर वचक ठेवणारं सभागृह हवं असेल, तर राज्यांच्या अशा पुढच्या बैठकीत महाराष्ट्राची खुर्ची रिकामी राहून चालणार नाही.