क्रीटला ‘कधीही जा’ सांगणाऱ्यांनी वारा मोजलेलाच नाही

“ग्रीसच्या बेटांवर वर्षभर ऊन असतं, महिना बघत बसू नका, तिकीट स्वस्त मिळेल तेव्हा क्रीट उरकून घ्या” असा सल्ला सध्या प्रवासाच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याला पोटकलमंही आहेत. उन्हाळ्यात पाऊसच नाही, म्हणजे बोटी वेळेवर. नागपूर-जळगावच्या माणसाला तिथल्या ऑगस्टची काय भीती? मे महिन्यात मुलांना मनसोक्त पोहता येतं. बेट एवढंसं, दोन दिवस पुरे. आणि दिवाळीची सुट्टी म्हणजे तर सोन्याहून पिवळं. यातलं शेवटचं कलम निम्मं खरं आहे. बाकीच्यांत हवामान म्हणजे फक्त तापमान आणि पाऊस असं धरलेलं दिसतं. क्रीटवर सुट्टी कशी जाणार हे पुष्कळदा वारा ठरवतो, आणि त्याचा त्या सल्ल्यात उल्लेखच नाही.

बोटींपासून सुरुवात करू, कारण पैसे तिथेच बुडतात. जुलै-ऑगस्टमध्ये क्रीटवर पाऊस जवळजवळ शून्य, हे बरोबर. पण याच दोन महिन्यांत ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख आणि वारा त्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापावर सहा-सात, म्हणजे ताशी ४० ते ६० किलोमीटर. एकदा सुटला की काही दिवस मुक्कामच ठोकतो. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानावर कमी, या तफावतीतून तो जन्मतो. गंमत अशी की तुर्कस्तानावरचा तो कमी दाब म्हणजे आपल्याच मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याचं पश्चिमेकडे लांबलेलं टोक. शिवाय दक्षिण आशियात पावसाचे ढग वर चढताना जी उष्णता बाहेर पडते, तिच्या परिणामाने दूर पूर्व भूमध्य समुद्रावर हवा खाली बसते आणि तिकडचा उन्हाळा कोरडा राहतो. रॉडवेल आणि हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये हे मांडलं. कोकणात धो-धो पाऊस पडत असताना क्रीटच्या उत्तरेकडच्या सांतोरिनी बेटाच्या धक्क्यावर बोट अडकते, तेव्हा त्या दोन गोष्टी एकमेकींना अगदीच परक्या नसतात.

वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ग्रीसचं तटरक्षक दल बोटी सुटू देत नाही. सांतोरिनीहून दोनेक तासांत क्रीटच्या हेराक्लिऑन शहरात पोचवणाऱ्या वेगवान बोटींवर ही बंदी आधी येते. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्री निघून सकाळी क्रीटला लागणारी अवाढव्य जहाजं त्या मानाने जास्त वारा सोसतात. अशा बंदीमुळे बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते, पण परतीचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. ग्रीसला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा जो विमा सक्तीने काढावा लागतो, तो मुळात वैद्यकीय खर्चासाठी असतो. चुकलेलं विमान त्यात धरलंय का, हे पॉलिसी उघडून वाचावं लागतं, आणि ती कोणी वाचत नाही. म्हणून बोटीने बेट बदलायचं ते ट्रिपच्या पहिल्या निम्म्यात, आणि शेवटच्या दोन रात्री जिथून विमान त्याच गावात काढायच्या. बऱ्याच तयार कार्यक्रमांत नेमकं उलटं असतं: सांतोरिनीचा सूर्यास्त शेवटच्या संध्याकाळी, सकाळी बोट आणि दुपारी विमानतळ. फोटो छान येतात, एवढं खरं.

मोबाईलमधला पिवळा सूर्य बघून समाधान मानू नका, कारण मेल्टेमीच्या दिवशीही तो तसाच हसरा दिसतो. वाऱ्याचा वेग, झोत आणि दिशा हे तीन आकडे बघा. तेही निघण्याच्या चार-पाच दिवस आधी, महिनाभर आधी नव्हे.

आता ऊन. हेराक्लिऑनचं ऑगस्टमधलं सरासरी कमाल तापमान तीस अंशांच्या आतबाहेर असतं. विदर्भाच्या माणसाला हसू येणारच. पण मे महिन्यात नागपूरचा माणूस भर दुपारी उघड्या डोंगरावर चालायला जात नाही. तो पडदे ओढून कूलरसमोर बसतो. सुट्टीवर मात्र तोच माणूस बाराच्या उन्हात नोसॉस या प्राचीन राजवाड्याचे अवशेष बघत फिरतो, आणि वाऱ्यामुळे घाम जाणवत नसल्याने पाणी प्यायचं विसरतो. शिवाय सरासरीत उष्णतेच्या लाटा दिसत नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये, म्हणजे ऑगस्ट अजून लांब असताना, अशाच एका लाटेच्या दिवसांत सिमी, सामोस आणि मथ्राकी या ग्रीक बेटांवर पर्यटक मृतावस्थेत सापडले. त्यांतले काही जण पायी फिरायला निघालेले होते.

आणि इथेही वारा आहेच. कोरडं रान, उष्णता आणि सुसाट वारा एकत्र आले की वणवे आवरत नाहीत. २०२३ च्या जुलैमध्ये ऱ्होड्स बेटावरून सुमारे १९,००० लोकांना हलवावं लागलं. २०२५ च्या जुलैच्या सुरुवातीला क्रीटवरच इएरापेत्राजवळ आग भडकली आणि हॉटेलं रिकामी करावी लागली. अशा वेळी ११२ या आपत्कालीन यंत्रणेचा इशारा मोबाईलवर येतो. तिथे पोचल्यावर फोनमधले आपत्कालीन इशारे बंद तर नाहीत ना, ते तपासून घ्यावं. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका असं माझं म्हणणं नाही. पण सकाळी अकरानंतरचा कार्यक्रम सावलीत किंवा पाण्यात ठेवा. हेराक्लिऑनचं पुराणवस्तू संग्रहालय दुपारसाठी उत्तम, नोसॉस सकाळी उघडताक्षणी.

मे महिन्यातल्या पोहण्याबद्दल थोडक्यात. कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात समुद्राचं पाणी २९-३० अंश असतं. क्रीटचं तेव्हा जेमतेम १९-२०. हिवाळाभर थंड झालेला समुद्र हवेइतक्या लवकर तापत नाही, त्यामुळे मुलं गुडघाभर पाण्यात जाऊन ओरडत बाहेर येतात. सप्टेंबरात उलटं होतं: हवा निवलेली आणि पाणी अजून २५ च्या आसपास. आपल्या शाळांना सप्टेंबरात सुट्टी नसते, हा काही क्रीटचा दोष नाही. मे महिना चालण्यासाठी मात्र सुरेख. रानफुलं असतात, उंच डोंगरांवर बर्फाचे पट्टे उरलेले असतात आणि सामारियाची घळ, म्हणजे डोंगरांतून समुद्राकडे उतरणारी चालण्याची प्रसिद्ध वाट, साधारण मे महिन्याच्या सुरुवातीला उघडते. वसंतात कधीकधी आफ्रिकेकडून दक्षिणवारा धूळ घेऊन येतो आणि आकाश पिवळं-नारिंगी होतं. दम्याचा त्रास असेल तर त्याची तयारी हवी.

“बेट एवढंसं” हे नकाशाची पट्टी न पाहता लिहिलेलं वाक्य. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे आणि मध्ये २,४०० मीटरच्या वर गेलेले डोंगर आहेत. म्हणून एकाच दिवशी दोन किनाऱ्यांवर दोन हवामानं असतात. मेल्टेमीत उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळत असताना दक्षिणेला पाणी बऱ्याचदा शांत असतं. सरसकट नाही: दक्षिण किनाऱ्यावरच्याच प्लाकियाससारख्या ठिकाणी तोच वारा डोंगर उतरून जास्त जोराने येतो. दोन दिवस असतील तर पश्चिमेकडचं हनिया शहर आणि आसपासचा भाग, एवढंच धरावं.

हिवाळ्यात “स्वस्त आणि ऊन” यातलं स्वस्त खरं. पावसाळा तिथे नोव्हेंबर ते मार्च असतो. २०१९ च्या फेब्रुवारीत हनियाजवळचा केरितिस नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला, इतका तो पाऊस गंभीर असू शकतो. हनिया, रेथिम्नो, हेराक्लिऑन ही शहरं जागी असतात, ऑलिव्हची तोडणी चालू असते, संग्रहालयात गर्दी नसते. किनाऱ्यावरची पर्यटनाची गावं मात्र कुलूपबंद. समुद्रासाठी जाणार असाल तर ते स्वस्त तिकीट महागात पडेल.

राहिली दिवाळी. ती दरवर्षी सरकते, आणि क्रीटचा हंगाम ऑक्टोबरअखेर संपतो. २०२५ सारखी दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास आली, तर पाणी अजून २२-२३ अंश, गर्दी ओसरलेली, अधूनमधून एखादी सर. मग तो सल्ला बरोबर. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तोवर सामारियाची घळ बंद झालेली असेल, घळीच्या तोंडाशी समुद्रावर असलेल्या ज्या आगिया रूमेली गावाला रस्ताच नाही तिथल्या बोटी तुरळक झालेल्या असतील, युरोपची घड्याळं २५ ऑक्टोबरला एक तास मागे गेलेली असतील आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य मावळेल. त्या वर्षी हनिया-हेराक्लिऑन धरून शहरांची ट्रिप आखा. २०२७ ला लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे. समुद्र हवाच असेल तर शाळेची सुट्टी लागल्या दिवशी निघा आणि मुक्काम दक्षिण किनाऱ्यावर ठेवा.