एकच विनोद तीस वर्षं? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. नावाच्या जागी तुम्ही ‘एक जुना श्रोता’ एवढंच लिहिलंय, म्हणून मीही त्याच नावाने हाक मारते. एलॅकेलॅइसेत या फिनिश बँडवरचा माझा लेख तुम्हाला अजिबात आवडलेला नाही. उत्तर लिहायला बसले तर ते प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून स्वतंत्रच टाकते आहे.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. फिनलंडच्या पूर्वेला योएन्सू नावाचं गाव आहे. तिथल्या काही तरुण वादकांनी 1993 मध्ये हा बँड काढला आणि नाव ठेवलं ‘पेन्शनर मंडळी’. जगभर गाजलेली रॉक गाणी घ्यायची, त्यांना नवे फिनिश शब्द लावायचे आणि ती हुम्पा या जुन्या, भरधाव नाचाच्या ठेक्यावर वाजवायची, हे त्यांचं काम. फिनलंडबाहेर त्यांचा सगळ्यात मोठा श्रोतृवर्ग जर्मनीत आहे.

तुमचे आक्षेप असे: दुसऱ्यांच्या चालींवर जगणारा हा बँड आहे, यात निर्मिती कुठली? एकच विनोद तीस वर्षं ताणलाय. म्हाताऱ्यांची टिंगल आणि दारूचं कौतुक याला तुम्ही ‘कारकीर्द’ म्हणता? आणि शेवटी, मराठीत हे लिहायची गरज काय?

पहिल्या आक्षेपावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मला वाटतं खरा मुद्दा तिथेच आहे.

तुम्ही म्हणता, ‘चाल आयती, फक्त ठेका बदलला.’ पण ठेका बदलणं म्हणजे काय, हे एकदा जवळून बघू. साधारण मिनिटाला 120 ठोक्यांचं एखादं रॉक गाणं घ्या. चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा फटका पडतो आणि त्या फटक्यातच रॉकचा सगळा रुबाब असतो. हुम्पा दोन मात्रांचा, लय मिनिटाला 220 ते 260. आता गंमत बघा. 120 च्या गाण्याला 240 च्या हुम्पात बसवायचं तर गायकाला पळावं लागत नाही. त्याची ओळ आहे त्याच वेळात राहते. तिच्याखाली बेस एकाआड एक ठोक्यावर येतो, एकदा षड्ज, एकदा पंचम, आणि मधल्या ठोक्यावर अकॉर्डियनचा स्वरमेळ टोचला जातो. वरची ओळ ओळखीची, खालची जमीन मात्र दुप्पट वेगाने धावणारी. ज्या गाण्यावर मान डोलवायची सवय असते त्याच गाण्यावर पाय आपोआप उचलले जातात. मिनिटाला सत्तर-ऐंशी ठोक्यांच्या संथ लयीतलं जड गाणं असेल तर हा हिशोब जमत नाही. तिथे ओळच आवळावी लागते, लांबवलेले स्वर तोडावे लागतात, कुठला तुकडा गाळायचा ते ठरवावं लागतं.

मग गिटारचा प्रश्न येतो. रॉकमधली गिटार विजेच्या जोरावर एक स्वर धरून ठेवते, त्याला फाडते, गुरगुरायला लावते. अकॉर्डियनकडे यातलं काही नाही, पण भाता आहे. भाता दाबून स्वर फुगवता येतो, झटका देऊन तोडता येतो. अकॉर्डियन ही आपल्या पेटीची सख्खी नातेवाईक, दोन्हींत हवेने थरथरणारी धातूची पट्टीच बोलते. मी पेटी शिकले आहे, त्यामुळे भात्यावरचं हे नियंत्रण किती अवघड असतं ते मला माहीत आहे. गिटारवादक ज्या आघातांसाठी विजेची यंत्रं वापरतो ते हा अकॉर्डियनवादक दंडाच्या ताकदीवर काढतो, तेही त्या लयीत, तासभर न थांबता. याला नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शब्दांचंही तसंच. मूळ शब्दांचं भाषांतर ते करत नाहीत. मूळ गाण्याशी काडीचा संबंध नसलेली नवी गोष्ट त्या चालीवर बसवतात: जंगल, बिअर, खेड्यातली माणसं आणि पुन्हा पुन्हा हुम्पा. आणि हे करताना ते मूळ संगीतकाराचं काही हिरावूनही घेत नाहीत. चालीचं मानधन मूळ रचनाकाराकडे जातं, शब्द बदलायचे तर हक्कधारकाची परवानगी लागते. म्हणजे रेकॉर्डिंगमधून अशा बँडच्या हाती येणारा वाटा मुळातच लहान. पोट भरायचं ते कार्यक्रमांवर. एकदा हे लक्षात घेतलं की तीस वर्षांचे दौरे वेगळे दिसायला लागतात.

त्या दौऱ्यांचा नकाशा डोळ्यासमोर आणा. योएन्सू रशियाच्या सीमेपासून फार लांब नाही. तिथून हेलसिंकी साधारण 440 किलोमीटर. पुढे जर्मनीला गाडी घेऊन जायचं तर समुद्र आहे. हेलसिंकीहून ट्राव्हेम्युंडे या जर्मन बंदराला जाणारं जहाज तीसेक तास घेतं. म्हणजे जर्मनीतल्या पहिल्या क्लबात पहिला सूर लागायच्या आधीच दोन दिवस गेले. जे गाणं तिथल्या श्रोत्यांना शब्दशः एक अक्षर कळणार नाही, ते गायला एवढा प्रवास. आणि तो एकदा हौसेने केलेला नाही, नव्वदच्या दशकापासून चालू आहे.

आता ‘एकच विनोद’ हा आक्षेप. हुम्पा म्हणजे एखादं पवित्र लोकसंगीत आणि ही मंडळी त्याची थट्टा करतात, असं तुम्ही धरून चालला आहात. हुम्पाचा इतिहास तसा नाही. फिनलंडमध्ये 1920 आणि 30 च्या दशकांत अकॉर्डियनवर वाजणारं एक जॅझ होतं. हेलसिंकीतला दाल्लापे हा त्यातला सगळ्यात नावाजलेला वाद्यवृंद 1925 मध्ये सुरू झाला. तो काळ मागे पडला. मग पन्नासच्या दशकात फिनिश नभोवाणीवरच्या आन्तेरो आल्पोला यांनी एका विनोदी कार्यक्रमासाठी ते जुनं संगीत पुन्हा वाजवून घ्यायचं ठरवलं. वाजवणारा बँड होता हुम्पा-वेइकोत, आणि ‘हुम्पा’ हे नावही आल्पोलांनीच दिलं. म्हणजे हा प्रकार जन्मलाच मुळी जुन्या संगीतावरच्या प्रेमळ विनोदातून. गंमत म्हणून रेडिओवर वाजलेलं लोकांनी उचललं, त्यावर खरेखुरे नाच बसले आणि पुढे तो सामाजिक नृत्याचा एक नेहमीचा प्रकार होऊन गेला.

एलॅकेलॅइसेतने आल्पोलांचंच काम पुढे नेलं, असं माझं म्हणणं आहे. आल्पोलांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं नाचाचं संगीत परत आणलं, यांनी शतकाच्या उत्तरार्धातलं रॉक त्याच साच्यात ओतलं. पहिली कृती परंपरा आणि दुसरी टिंगल, असं म्हणायला मला आधार दिसत नाही.

हा नाच जिथे रुजला त्या जागांबद्दलही सांगायला हवं. फिनलंडमध्ये तळ्याकाठी, झाडीत, लाकडी नृत्यमंडप असतात. उन्हाळ्यात तिथे लोक जमतात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. ज्याने हात पुढे केला त्याच्याबरोबर दोन गाणी नाचायची, मग त्याने जोडीदाराला तिच्या जागेवर परत सोडायचं. मधेच बायकांनी निवड करायची पाळीही येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सार्वजनिक नाचावर बंदी होती, आणि बंदी उठल्यावर हे मंडप तुडुंब भरले. पुढे रॉक आलं, शहरं वाढली, आणि मंडपावरचं संगीत खेड्यातलं, आईवडिलांचं वाटायला लागलं.

एलॅकेलॅइसेतची माणसं रॉकच्या बाजूची होती. ओन्नी वारिस, पेट्टेरी हालोनेन हे लोक त्याआधी कुमिकामेली या पर्यायी रॉक बँडमध्ये वाजवत होते. त्यांच्या गावात इलोसारीरॉक हा महोत्सव 1971 पासून भरतो, फिनलंडमधल्या सगळ्यात जुन्या रॉक महोत्सवांपैकी एक. म्हणजे रॉक त्यांना घरचं होतं. त्यांनी ते उचललं आणि आजीच्या मंडपावर नेऊन ठेवलं. यात हसू कोणावर आहे? रॉकच्या भारदस्तपणावर आहे, नक्कीच. हुम्पावर मात्र नाही. हुम्पा तर ते जिवाच्या आकांताने वाजवतात.

तुम्ही लेनिनग्राड काउबॉईज या विनोदी फिनिश रॉक बँडचं उदाहरण दिलंत, ‘हे आधीच होऊन गेलंय’ म्हणून. ते उदाहरण उलट माझ्या बाजूचं आहे. त्यांची ओळख जगाला 1989 च्या आकी कौरिस्मॅकी यांच्या सिनेमातून झाली: हातभर पुढे आलेले केस, टोकदार बूट. 1993 च्या जूनमध्ये हेलसिंकीच्या सेनेट चौकात त्यांनी रशियाच्या अलेक्झांद्रोव्ह लष्करी वाद्यवृंदाबरोबर कार्यक्रम केला, त्याला 70,000 च्या आसपास लोक होते. तो भव्य देखावा होता आणि मलाही आवडतो. त्याच वर्षी योएन्सूत या मंडळींनी नेमकी उलटी वाट धरली. देखावा नाही, उड्या नाहीत. रंगमंचावर बसून वाजवायचं, जणू पाहुण्यांकडे जेवायला आलेत. समोर खाली गर्दी घुसळतेय आणि वर ही माणसं बसलेली.

जर्मनीत नोकरीला असताना मी त्यांचा कार्यक्रम पाहिला. छोटा क्लब, खाली सिमेंटची जमीन, छतावरून घाम टपकेल असा उकाडा. पंकवाली पोरं, मेटलचे काळे टीशर्ट, आणि एका कोपऱ्यात पन्नाशीपुढचं एक जोडपं. गाणी चालू झाली तशी पोरं एकमेकांवर आदळायला लागली, आणि ते जोडपं त्याच गाण्यावर, हातात हात घेऊन, नेटकी पावलं टाकत कडेकडेने गोल फिरत होतं. दोघांचेही पाय तालात. एकाच गाण्यावर हे दोन्ही प्रकार जमले, कारण बेस एकदाही डळमळला नाही. ‘हुम्पा! हुम्पा!’ असा गजर दोन गाण्यांच्या मधे सारखा चालू होता. फिनिश येणारं तिथे कोणी असेल असं वाटत नव्हतं. त्या रात्री मला पटलं की या बँडचा विनोद पहिल्या पाच मिनिटांतच संपतो, आणि उरलेली रात्र निव्वळ वादनावर तरते. तीस वर्षं लोक परत येतात ती त्या उरलेल्या रात्रीसाठी. नुसत्या विनोदावर कोण दुसऱ्यांदा तिकीट काढतं?

म्हाताऱ्यांच्या टिंगलीबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेतून जाणवलं की हे तुम्हाला मनापासून लागलंय, म्हणून मीही मनापासून लिहिते. 1993 चा फिनलंड आठवा. सोव्हिएत संघ कोसळला होता, त्याच्याशी असलेला व्यापार एका फटक्यात गेला, बँका अडचणीत आल्या. 1990 मध्ये बेरोजगारी 3 टक्क्यांच्या आसपास होती, ती तीन वर्षांत 16 टक्क्यांच्या वर गेली. योएन्सूचा भाग तर एरवीही कामधंद्याच्या बाबतीत मागे. अशा वर्षी विशी-पंचविशीतल्या पोरांनी स्वतःला ‘पेन्शनर’ म्हणवून घेतलं. हा माझा अर्थ आहे, बँडने कुठे सांगितलेला नाही, पण मला त्या नावात म्हाताऱ्यांची टिंगल ऐकू येत नाही. कामच नसलेल्या गावातल्या तरुणांनी स्वतःला लावून घेतलेलं ते नाव आहे. आणि आता त्यांच्यातल्या काहींचे केस पांढरे झालेत. नाव हळूहळू खरं होत चाललंय, आणि ते अजून वाजवताहेत.

दारूबाबत मात्र तुमच्याशी माझं भांडण नाही. गाण्यांत बिअर आहे, रंगमंचावर बिअर आहे, आणि त्याचं कौतुक मलाही वाटत नाही. फिनलंडचं दारूशी नातं दुखरं आहे. 1919 ते 1932 तिथे दारूबंदी होती, पुढेही विक्री सरकारी दुकानांच्या हातात राहिली. जुन्या नृत्यमंडपांवर दारू नसे, लोक मागच्या झाडीत जाऊन प्यायचे. गाण्यांतलं ते सततचं पिणं या इतिहासातून आलंय हे समजतं, पण समजलं म्हणून आवडायलाच हवं असं नाही. लहान मुलांना घेऊन जावं असा हा कार्यक्रम नाही, एवढं स्पष्ट लिहिते.

राहिला शेवटचा प्रश्न, मराठीत हे कशाला. विडंबन हलकं आणि मूळ रचना भारी, ही उतरंड आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की चांगलं विडंबन करणाऱ्याला कारागीर म्हणून कोणी विचारत नाही. एखाद्या गाजलेल्या चालीवर दुसरे शब्द बसवणारा शाहीर असो, वा लग्नाच्या वरातीत सिनेमातलं गाणं सनई-क्लॅरिनेटवर आणि ताशाच्या लयीत उतरवणारा बँडवाला असो, ‘तो काय, दुसऱ्याचंच वाजवतो’ असं म्हणून आपण मोकळे होतो. वरातीतल्या त्या वादकानेही गाणं मोडून पुन्हा बांधलेलं असतं, रस्त्यावर चालता चालता, उन्हात. त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. एका लहान देशाच्या कोपऱ्यातल्या गावाने असल्याच कामाला तीस वर्षांचा युरोपभरचा संसार मिळवून दिला, हे मराठी वाचकाला सांगावंसं मला वाटलं. अजूनही वाटतं.

तुम्ही लिहिलंय की एक गाणं अर्धं ऐकून बंद केलंत. माझी विनंती एवढीच: स्टुडिओतलं रेकॉर्डिंग बाजूला ठेवा आणि त्यांचं एखादं प्रत्यक्ष कार्यक्रमातलं ध्वनिमुद्रण ऐका, ‘इन हुम्पा वी ट्रस्ट’ चालेल. ओळखीची चाल शोधत बसू नका, सुरुवातीला फक्त बेसकडे लक्ष द्या. मग अकॉर्डियनकडे. तुम्ही स्वतः तबला वाजवता असं प्रतिक्रियेत म्हटलंय, तेव्हा माझ्या कानाला न सापडलेलं काही तुम्हाला सापडेल असं मला खरंच वाटतं. ऐकूनही मत तेच राहिलं तर तसं सविस्तर लिहून पाठवा. मी ते याच पानावर, एक शब्दही न कापता, माझ्या लेखाच्या खाली लावेन.