ट्रकवाल्याचा नंबर मागण्याआधी

आज सकाळी भाच्याचा फोन आला. त्याने आपले बारा माग हैदराबादच्या बाजूला हलवायचे नक्की केले आहे, जागाही पाहून झाली आहे आणि माझ्याकडून त्याला एवढेच हवे होते : २०१७ मध्ये आमचे माग सोलापुरातून तिकडेच ज्याने नेले त्या ट्रकवाल्याचा नंबर. भाच्याची मुलगी यंदा दहावीला गेली आहे. तिचे काय, असे विचारले तर म्हणाला, "मामा, तिकडे शाळांना काय तोटा आहे?"

हेच वाक्य मी २०१७ च्या जूनमध्ये माझ्या बायकोला ऐकवले होते.

आपल्या पद्मशाली विणकरांतला जो उठतो तो 'सोलापुरात काय ठेवले आहे' असे म्हणतो आणि विजेचा दर, जागेची सवलत असे दोन आकडे तोंडावर फेकतो. २०१७ च्याच ऑक्टोबरमध्ये तेलंगणात वरंगळजवळ काकतीय वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली आणि सोलापूर, भिवंडी, सुरतेला गेलेल्या विणकरांनी परत यावे अशी हाक आली, तेव्हा तर मी स्वतःला दूरदृष्टीचा माणूस समजू लागलो होतो. पणजोबा तिकडूनच आलेले, घरात तेलुगू बोलली जाते, मग आपल्याला कसले परकेपण? माग तीनशे किलोमीटर एका रात्रीत पोहोचले. बाकीचे पोहोचायला वर्ष लागले आणि तरी ते पोहोचले नाहीच. जीएसटी क्रमांकातला राज्याचा आकडा महाराष्ट्राच्या २७ वरून तेलंगणाच्या ३६ वर गेला म्हणजे नोंदणी नव्याने, आणि इथे पडून असलेले सूत तिकडे न्यायचे तर आपणच आपल्याला बिल करायचे, तेही कर लावून. सोलापूरच्या एमएच-१३ नंबराच्या गाडीसाठी ना हरकत दाखला. हे सगळे एक वेळ कंटाळा आला तरी निभते.

मुलीचे निभत नाही. घरात घडाघडा तेलुगू बोलणारी माझी मुलगी ऐन दहावीत त्या लिपीची अक्षरे गिरवत बसली होती. मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या आमच्या कामगार बायका सोलापुरातल्या विडी घरकुल वसाहतीतले घर सोडून येणार नव्हत्या, तिकडे माग दुरुस्त करणारा जॉबर टिकेना, सूतवाला उधार देईना, म्हणून २०१८ मध्ये आम्ही गाशा गुंडाळून परतलो. अकरावी-बारावी तिने इथेच केली. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला गुण बरे पडले आणि तेव्हा कळले की वैद्यकीयच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. तेलंगणात स्थानिक ठरायला सलग चार वर्षांचे शिक्षण तिकडचेच हवे. जन्म सोलापूरचा, तीन पिढ्या सोलापूरच्या, तरी एका वर्षाने ती दोन्हीकडे उपरी ठरली. सरकारी नोकराची बदली झाली तर त्याच्या मुलांना काही सवलत असते. मागवाल्याची बदली कोण करतो? तो आपल्या हौसेने गेला असेच सरकार धरून चालते. जातीच्या दाखल्याचेही तेच : आम्ही इथे विशेष मागास प्रवर्गात आहोत, तिकडेही पद्मशाली मागासच आहेत, पण दुसऱ्या राज्यातून गेलेल्याला तिथे त्या आरक्षणाचा हक्क मिळत नाही.

वीज इथे महाग आहे, मान्य. उजनी धरण भरलेले असूनही नळाला रोज पाणी येत नाही, तेही मान्य. गेलेले काही जण तिकडे चांगले स्थिरावले आहेत, हे मी नाकारत नाही.

पण सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ही मंडळी गुंतवणुकीवर तासभर बोलतील, पण 'तुमची मुले कितवीत आहेत?' एवढे विचारणार नाहीत. मलाही कुणी विचारले नव्हते. खरे तर एका माणसाने विचारले होते. बायकोने. मी तिला शाळांच्या संख्येचे उत्तर दिले.

भाच्यावर मात्र मला रागावता येत नाही. त्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे आणि तो हप्ता माणसाला कसा उसवतो हे मी जाणतो. माझी मुलगी आज फार्मसी करून नोकरीला लागली आहे, मजेत आहे, मला कधी एका शब्दाने बोललेली नाही. दुपारी मी तिला सांगितले की दादा माग घेऊन निघाला आहे. ती म्हणाली, "वहिनी आणि छोटीला बारावीपर्यंत आपल्याकडे ठेवा म्हणावे."

ट्रकवाल्याचा नंबर मी अजून पाठवलेला नाही. संध्याकाळी भाच्याला सहकुटुंब जेवायलाच बोलावले आहे.