कोरडा दिवस

शनिवारी दुपारी ऑफिसातून आलो तर दार उघडता उघडताच आई म्हणाली, "अरे, तिसऱ्या मजल्यावरचे काका येऊन गेले. तुझ्या झाडांतलं सगळं घाण पाणी काढून दिलं त्यांनी. बिचारे घामाघूम झाले होते. मी चहा दिला."

बूट न काढता मी बाल्कनीत धावलो. ४७ कलश होते, एकूण एक रिकामे. काही तर शेवटचा थेंबही राहू नये म्हणून पिळलेले.

घटपर्णी आपण सगळ्यांनी शाळेत काढलेली आहे. विज्ञानाच्या वहीत, कोऱ्या पानावर, शिसपेन्सिलीने. पानाचं टोक लांबवून तंतू, तंतूला कलश, कलशाला झाकण. नावे द्या, गुण दोन. बाकीची मुलं दोन गुण घेऊन मोकळी झाली, मी तिथेच अडकलो. आज मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावर, नऊ बाय चारच्या बाल्कनीत, बाहेरून शेडनेट आणि आतून प्लास्टिकचा कागद लावून मी ३४ कुंड्या सांभाळतो. मी त्याला ग्रीनहाऊस म्हणतो. बायको 'तुझा तंबू' म्हणते. सोसायटीच्या कागदपत्रांत ते 'अनधिकृत आच्छादन' आहे.

जून ते सप्टेंबर मुंबईत ग्रीनहाऊस चालवणं म्हणजे भर पावसात छत्रीखाली अंघोळ करणं, हे मलाही कळतं. एकीकडे खाडी, एकीकडे मिठागरं. कपाटातल्या चपलांना आठवड्यात हिरवी लव फुटते. तंबूची खरी गरज डिसेंबर-जानेवारीत. कोरडं वारं सुटलं की पानाच्या टोकाला कलश धरायच्या आधीच टोक करपून जातं. पण हे मी कुणाकुणाला समजावू?

घरात हा पसारा शिरला तो एका थापेवर. पहिली कुंडी आणली तेव्हा बायकोने "हे कशाला?" असं विचारलं आणि मी उत्तर दिलं, "डास खातं." बस. पुढच्या ३३ कुंड्या त्या दोन शब्दांवर आत आल्या. वस्तुस्थिती अशी आहे की घटपर्णी मुख्यतः मुंग्या खाते. कलशाची कड ओली झाली की मुंगीचे पाय त्यावर टिकत नाहीत. गोड रस चाटायला आलेली मुंगी सरळ आत. अधूनमधून माशी, कधी झुरळाचं पोर. डास पडला तर तो त्या डासाचा मूर्खपणा. आणि एक गोष्ट तर मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती: आग्नेय आशियाच्या जंगलांत डासांच्या काही जातींच्या अळ्या चक्क घटपर्णीच्या कलशातच वाढतात. पाचकरसात राहूनही पचत नाहीत.

आईला सगळ्यांत एकच झाड पसंत आहे, अँपुलॅरिया. ते जमिनीलगत बुटक्या गोल कलशांचे गुच्छ धरतं आणि वरून पडणाऱ्या पालापाचोळ्यावरही बऱ्यापैकी भागवतं. "ते माळकरी आहे," असं आई पाहुण्यांना सांगते.

आता काका. काका बँकेतून निवृत्त झाले, पण इन्स्पेक्शन काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. गेल्या पावसाळ्यात इमारतीत दोघांना डेंग्यू झाला, तेव्हा कमिटीने आरोग्य उपसमिती नेमली. काका तिचे अध्यक्ष आणि एकमेव सदस्य. टॉर्च, रजिस्टर आणि आमटीचा डाव घेऊन ते दर शनिवारी निघतात. पाण्यात डाव बुडवायचा, टॉर्च मारायचा, अळी वळवळली की नाव लिहायचं. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून 'कोरडा दिवस' पाळा, असं फलकावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असतं. हे बरोबरच आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, त्याला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. माझी तक्रार तत्त्वाबद्दल नाही. ज्या झाडाचं पोटच पाण्याचं आहे त्याने कोरडा दिवस कसा पाळायचा, एवढंच मला विचारायचं होतं, आणि ते विचारायला मी त्याच संध्याकाळी एक मजला उतरलो.

"काका, ते घाण पाणी नव्हतं. तो झाडाचा पाचकरस होता."

"पाचकरस पोटात असतो."

"तेच त्याचं पोट आहे."

काकांनी चष्मा कपाळावर नेला. "पोट उघडं कोण ठेवतं?"

"उघडं कुठे? वर झाकण आहे ना."

"ते झाकण हलत नाही. मी बोटाने लावून बघितलं. जे लागत नाही त्याला झाकण म्हणत नाहीत. आपल्या फलकावर काय लिहिलंय? 'घट्ट झाकण'."

इथे ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. चित्रात वाटतं तसं घटपर्णीचं झाकण कीटक पडल्यावर धाडकन बंद होत नाही. एकदा उघडलं की ते तसंच राहतं, पावसाचं पाणी आत भरू नये म्हणून. शाळेत दोन गुण देणाऱ्या बाईंनीही हे सांगितलं नव्हतं.

"आणि त्या चार कलशांची तर झाकणं उघडलीही नव्हती," मी म्हणालो. "आतलं पाणी निर्जंतुक असतं त्यांच्यातलं. डास जाणार कुठून? ती तुम्ही नखाने उचकटलीत."

"सीलबंद माल आधी तपासायचा असतो," काका म्हणाले. चाळीस वर्षांची नोकरी त्या वाक्यात उभी होती.

मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. "तुझी बायको सगळ्यांना सांगते, हे झाड डास खातं. खातं ना?"

मी गप्प.

"३४ झाडं. ४७ तोंडं. तरी परवा तुझ्याच दारात मला डास चावला. म्हणजे एकतर झाड काम करत नाही, नाहीतर तू खोटं बोलतोस. यातलं काय लिहू?"

"काका, ते मुख्यतः मुंग्या खातं."

"मुंग्यांनी डेंग्यू होत नाही," असं म्हणत त्यांनी ते खरोखरच रजिस्टरमध्ये लिहिलं.

या टप्प्यावर शहाणा माणूस घरी गेला असता. मी मात्र काकांचा आदर वाढावा म्हणून ज्ञान पाजळायला घेतलं. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर 'राजा' नावाची घटपर्णी आहे, तिच्या कलशात तीन लिटरपेक्षाही जास्त पाणी मावतं, चिचुंद्रीसारखा दिसणारा एक प्राणी झाकणाखालचा रस चाटायला कलशावर बसतो आणि बसल्या बसल्या आतच विधी उरकतो, त्यातून झाडाला नायट्रोजन मिळतो.

काकांचं लिहिणं थांबलं. "म्हणजे संडास."

"झाडाच्या दृष्टीने ते जेवण आहे."

"तुझ्याकडे आहे हे?"

नव्हतं. असं एक थंड हवेतलं झाड मी एकदा १८०० रुपयांना मागवलं होतं. त्याला रात्री पंधरा अंशांच्या आसपास गारवा लागतो आणि मुंबईत मे महिन्यात रात्रीही सत्तावीसच्या खाली उतरायला पारा तयार नसतो. तीन आठवडे मी रोज रात्री त्याच्याभोवती बर्फाच्या बाटल्या रचत होतो. बायको उकाड्याने तळमळत ते बघायची आणि काही बोलायची नाही. ते जास्त वाईट होतं. बाविसाव्या दिवशी झाड गेलं. आमच्या फ्रीजरमध्ये पुन्हा आइस्क्रीम आलं.

"नाही माझ्याकडे," मी म्हणालो.

"बरं. मग सोपा उपाय सांगतो. गप्पी मासे सोड."

"कशात?"

"एकेका कलशात एकेक. उपसमितीकडे फुकट आहेत. मासा अळ्या खाईल."

"काका, झाड मासा खाईल."

काकांनी क्षणभर विचार केला. "मग तर दोघांचंही भागेल."

सोमवारी फलकावर नोटीस लागली. फ्लॅट क्रमांक माझा, 'डास-उत्पत्तीस पोषक वनस्पती बाळगल्याबद्दल' दंड ५०० रुपये. सोसायटी ऑफिसच्या टेबलावर पुरावा: लोणच्याची बरणी, त्यात माझ्या ४७ कलशांचा एकत्र केलेला अर्क, तळाशी मुंग्यांचा काळा थर आणि एक झुरळाचा पाय. आत अळी एकही नाही. येणारा-जाणारा बरणीत डोकावत होता आणि मग माझ्याकडे बघत होता.

या झाडाच्या शास्त्रीय नावाची एक गंमत आहे. नेपेंथिस. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने ते ग्रीक महाकवी होमरकडून उचललं. होमरच्या काव्यात हेलन राणी मद्यात एक औषध मिसळते, ज्याने माणूस दुःख विसरतो, ते हे. 'ने' म्हणजे नाही, 'पेंथोस' म्हणजे शोक. जोडलं की आपला अशोक. नोटीस वाचून मी तासभर त्या ३४ अशोकांखाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो होतो. एकाचाही गुण आला नाही.

आता खरं सांगायला हवं. अळ्या सापडल्या होत्या. कलशांत नाही, कलशांमागे ठेवलेल्या निळ्या पिंपात. घटपर्णीला क्षार सोसत नाहीत. पाण्यातले विरघळलेले क्षार पन्नासच्या खाली ठेवायचे म्हणून मी टीडीएस मीटर घेऊन फिरणारा माणूस. पावसाचं पाणी फुकट आणि शुद्ध, म्हणून मी ते पिंपात साठवतो. झाकणाला चीर गेली होती, ती मी जुलैपासून 'उद्या' बुजवणार होतो. काकांचा डाव पहिल्याच फेरीत वळवळत बाहेर आला. त्यामुळे दंड योग्य होता आणि कारण साफ चुकीचं, आणि अशा दंडाबद्दल धड रागावताही येत नाही. मी आपला पैसे भरून पावती घेतली. पावतीवर 'किरकोळ उत्पन्न'.

पण मग मी वर गच्चीवर गेलो. सोसायटीच्या टाकीचं झाकण दोन वर्षांपूर्वी फुटलंय. त्यावर निळी ताडपत्री आणि ताडपत्रीवर चार विटा. आम्ही सगळे तेच पाणी पितो. खाली पलीकडच्या प्लॉटवर जुनी इमारत पाडून पुनर्विकास चाललाय, म्हणजे थांबलाय. तिथे खणलेल्या खड्ड्यात गेल्या पावसापासून पाणी आहे, त्यात आता गवत उगवलंय आणि बगळे येतात. डेंग्यू झालेले दोघेही त्याच बाजूच्या खिडक्यांचे होते. त्यातला एक मुलगा अकरावीचा, प्लेटलेट्स पडल्या म्हणून आठ दिवस आत होता. काकांना टाकीचं विचारलं तर म्हणाले, "तो विषय सर्वसाधारण सभेचा." खड्ड्याचं विचारलं तर म्हणाले, "तो आपल्या हद्दीत नाही." डास हद्द बघून उडतात हे मला नवीन होतं. माझ्या पावशेरभर पाण्यासाठी डाव, टॉर्च, बरणी. तिथे कोण जाणार? त्या प्लॉटचा वॉचमन चहा देत नाही.

त्या रात्री मी आरओचं पाणी सिरिंजमध्ये भरून एकेक कलश तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरायला बसलो. उचकटलेले चार मेले. बाकीच्यांपैकी अर्ध्यांच्या कडा आठवड्यात तपकिरी पडल्या. ग्रिलमधून समोरच्या इमारतीतल्या बाई बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, "तुमचा मुलगा झाडांना सलाईन लावतो का हो?"

तडजोड अशी ठरली: पिंप गेलं, झाडं राहिली, आणि काका आता दर शनिवारी येतात. डाव आणत नाहीत. एकेका कलशात टॉर्च मारतात, आई चहा ठेवते, आणि रजिस्टरमध्ये माझ्या फ्लॅटसाठी त्यांनी खास पान आखलंय. कलश किती, पाणी आहे का, अळी आहे का, शेरा. परवा त्यांनी प्रत्येक कलश दोनदा मोजला, पुन्हा माळकऱ्यापाशी जाऊन वाकले, आत बराच वेळ बघत राहिले. मग चहा संपवून सही केली आणि गेले. पान उघडंच होतं म्हणून मी वाचलं.

कलश ३१. पाणी आहे. अळी नाही. शेरा: झाड उपाशी वाटते.