पारंपरिक म्हणे! ते गाणं मी लिहिलंय

एकोणीस दिवस झाले आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. माझ्याच चॅनेलवरच्या, माझ्याच आवाजातल्या, माझ्याच गाण्यावर कॉपीराइटचा दावा आलाय. रात्री साडेअकराला मेल आला: तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आढळलं आहे. दुसऱ्याच्या! दावा करणारं एक म्युझिक लेबल. त्यांचं गाणं उघडून बघितलं, तर चाल माझी, शब्द माझे, कडव्यांचा क्रमसुद्धा माझा. खाली लिहिलंय, संगीत: पारंपरिक. गीत: पारंपरिक.

अरे, कुठली परंपरा? हे गाणं मी २०२२ च्या पावसाळ्यात लिहिलंय. शाळेच्या हजेरीच्या जुन्या वहीत, मागच्या पानांवर. खाडाखोड केलेली चार पानं आजही माझ्या कपाटात आहेत.

गाणं ऊसतोडीवरचं आहे. अंगाई आहे. बीड जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या घरांना सांगायला नको, दसरा झाला की गाव रिकामं होतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर येतो, पोरंबाळं, भांडीकुंडी, कोंबड्या सगळं त्यात टाकून पाच-सहा महिने उसाच्या फडावर. मी चौथीपर्यंत दरवर्षी गेलेय. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, झोपलेय. पहाटे तीनला आई उठून जायची, तेव्हा मला पाचटावर निजवून जायची. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. टोचतो, पण ऊब देतो. त्यावरून ओळ आली:

पाचटाच्या गादीवर नीज माझ्या राघू,
फड तोडाया जाते, नको मागं लागू.

लेबलच्या गाण्यातली बाई काय गाते? ‘पाटाच्या गादीवर.’ पाटाच्या! शब्द कळला नाही, विचारायचं कुणाला हे माहीत नाही, कारण गीतकार पारंपरिक. मग ठोकून दिलं काहीतरी. आईला ऐकवलं. ती दोन ओळी ऐकून म्हणाली, “पाटाची गादी? कोपीत पाट कुठनं आला गं?”

आणि चौथं कडवं! त्यात कोयत्याच्या मुठीला बांधलेली लाल चिंधी आहे. ती चिंधी परंपरेतून आलेली नाही. २००८ च्या हंगामात आईच्या तळहाताला फोड येऊन फुटले होते, म्हणून तिनं लग्नातल्या लुगड्याचा पदर फाडून मुठीला गुंडाळला होता. तो कोयता आमच्या घरी पत्र्याखाली अजून खोचलेला आहे. हे कडवं लेबलच्या व्हिडिओत एक बाई स्टुडिओत हेडफोन लावून, डोळे मिटून गाते आणि खाली ‘पारंपरिक’ लिहिलेलं असतं. माझ्या आईच्या हाताचे फोड पारंपरिक?

मला एक कळत नाही. पारंपरिक म्हणजे कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं, बरोबर? मग सगळ्यांच्या गाण्यावर तुम्ही मालकीचा दावा कसा ठोकता? आणि कुणाची मालकी असेल, तर ‘पारंपरिक’ कशाला लिहिता? लिहितात कशाला ते सांगते. अपलोडच्या फॉर्ममध्ये गीतकार आणि संगीतकार असे रकाने असतात. तिथं खरं नाव टाकलं की त्या माणसाची परवानगी लागते, त्याचा वाटा निघतो. ‘पारंपरिक’ टाकलं की विषय मिटला. कुणाला विचारायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. एका शब्दात माणूस गायब.

वर यंत्र त्यांच्याच बाजूचं. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षरी आयएसआरसी कोड मिळतो. पण तो कोड रेकॉर्डिंगचा असतो, गाण्याचा नव्हे. शब्द आणि चाल यांचा कोड वेगळा, आयएसडब्ल्यूसी, आणि माझ्यासारखीनं कुठं नोंदणी केलेली नसेल तर तो नसतोच. म्हणजे लेबलनं माझंच गाणं नव्यानं गाऊन घेतलं की त्यांना नवाकोरा कोड मिळाला. मग त्यांनी ते मॅचिंगच्या यंत्रात टाकलं. यंत्राला चाल जुळलेली दिसते, आधी कुणी लिहिली ते दिसत नाही. माझा व्हिडिओ जानेवारी २०२४ चा आणि त्यांचा त्यानंतर सव्वा वर्षानं आलेला. दोन्ही तारखा त्याच साइटवर, त्याच सर्व्हरवर पडलेल्या आहेत. तरी चोर मी!

हरकत घेतली. उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस. त्यांनी दावा कायम ठेवला तर मी पुन्हा अपील करायचं. लेबलला वेगळा मेल केला, तर उत्तर आलं, “मॅडम, तुमच्याकडे मालकीचा पुरावा असल्यास पाठवा.” मी पुरावा द्यायचा! गाणं चोरताना यांना कुणी पुरावा मागितला नाही. वहीच्या पानांचे फोटो पाठवले, पहिल्या रेकॉर्डिंगची मूळ फाइल पाठवली. त्या फाइलमध्ये मागं आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचं भुंकणं आहे. स्टुडिओ परवडत नव्हता म्हणून आवाज घरी रेकॉर्ड केला होता, मागच्या खोलीत, दोरीवर तीन गोधड्या टांगून, पंखा बंद करून, रात्री एक वाजता. पेटी आणि चिपळ्या तेवढ्या संभाजीनगरला जाऊन वाजवून घेतल्या. मिक्सिंग धरून साडेअकरा हजार गेले. माझ्या पगारातले.

कायदा काय म्हणतो तेही वाचून काढलंय आता, रात्री जागून. कॉपीराइट कायदा १९५७ चा. गाणं लिहिलं त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. कलम ५७ म्हणतं की हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलंय’ म्हणायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा कुणी लिहून घेऊ शकत नाही. आणि कलम ३१सी प्रमाणे मालकाची परवानगी नसताना कव्हर करायचं, म्हणजे तेच गाणं दुसऱ्याकडून नव्यानं गाऊन घ्यायचं असेल, तर पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, शिवाय आधी नोटीस द्यायची आणि रॉयल्टी आगाऊ भरायची. माझं रेकॉर्डिंग २०२३ च्या दिवाळीतलं. म्हणजे २०२८ संपेपर्यंत मला न विचारता हात लावायचा नाही. इतकं स्वच्छ लिहिलंय सगळं. आणि बीडच्या कोर्टात त्यासाठी उभं राहायचं तर आधी वकिलाची फी, मग तारखा, मग शाळेतून रजा. लेबलला हे पक्कं ठाऊक आहे. त्यांचा सगळा धंदा त्या भरवशावर चाललाय.

पण लेबलपेक्षा जास्त संताप आपल्या माणसांचा येतो. “अगं, गाणं पोचलं ना लोकांपर्यंत, बास की!” “लोकगीत वाटावं इतकं अस्सल लिहिलंस, हे कौतुकच आहे!” एका कवी महाशयांनी तर फोन करून सांगितलं की लोककलेत ‘मी’ नसतो, अहंकार सोडावा. त्यांच्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर त्यांचं नाव केवढ्या टायपात आहे ते मी बघितलंय. शहरातल्या माणसानं ओवीच्या चालीत लिहिलं की ती कविता होते, त्याला पुरस्कार मिळतो. ऊसतोडीच्या घरातल्या बाईनं लिहिलं की ते लोकगीत, आपोआप उगवलेलं, बांधावरच्या बाभळीसारखं. कुणीही यावं, फांदी तोडून न्यावी.

आणि परंपरेचं म्हणाल, तर आपल्या परंपरेइतकं नाव कुणी जपलंय? अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं, ‘जनी म्हणे’ येतं. शाहीर पोवाड्याच्या अखेरीस स्वतःचं नाव गुंफतो. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायची तेव्हा गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक, तिघांची नावं सांगायचे. माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण कुठलं गाणं कुणाचं ते तोंडपाठ होतं. जात्यावरच्या ओव्यांना नाव नसतं, हे खरं. पण हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बायांची नावं आणि गावं लिहून घेतली. कागद-पेन घेऊन त्यांना जमलं. यांच्याकडे अख्खं इंटरनेट आहे. शोधात गाण्याची पहिली ओळ टाकली की माझा व्हिडिओ येतो, मी स्वतः पाहिलंय. यांना नाव सापडलं नाही असं नाही, यांना ते नको होतं.

पैशाचं बोलतच नाही मी. ऐकण्याच्या एका मोठ्या ॲपचा २०२४ पासून नियम आहे की वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला एक पैसाही नाही. माझी बाकीची चार गाणी त्यातच अडकलीत. तेही मी गिळलं. नाव मात्र मी सोडणार नाही.

फडावर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाच्या वहीत नाव बापाचं. आईनं चौदा हंगाम ऊस तोडला, मोळ्या डोक्यावर वाहिल्या, पण तिचं नाव त्या वहीत एकदाही आलं नाही. मी शिकले, नोकरीला लागले, गाणं लिहिलं, आणि माझ्याही वाट्याला तोच रकाना?

आता आयपीआरएसच्या, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या, सदस्यत्वाचा अर्ज भरायला घेतलाय. पाचही गाणी नोंदवणार. आधीच करायला हवं होतं, पण हे कुणी सांगतच नाही. माझ्यासारखे लिहिणारे कुणी असाल तर आजच करा, आणि वहीची पानं फाडून टाकू नका, तारीख टाकून ठेवा.

आणि ज्यांनी ज्यांनी त्या ‘पाटाच्या गादीवर’वर रील केल्यात, पोराला झोपवतानाचे व्हिडिओ टाकलेत, त्यांच्यावर माझा राग नाही. एवढंच करा, त्या लेबलच्या व्हिडिओखाली जाऊन लिहा की गीतकाराचं नाव टाका. आणि शब्द ‘पाचटाच्या’ आहे. लेबलच्या उत्तराच्या मुदतीतल्या उरलेल्या अकरा दिवसांत जितक्यांना जमेल तितक्यांनी लिहा.