किंमत इनबॉक्समध्ये पाहावी

घरगुती धंदा आहे, हाताला चव आहे, ऑनलाइन जाहिरातही करता, तरी गिऱ्हाईक फिरकत नाही, अशी तुमची तक्रार आहे ना? मग बसा. मला मोदकाच्या कळ्या पाडता येत नाहीत हे आधीच कबूल करते. त्यामुळे गेल्या गणपतीत 21 उकडीच्या मोदकांसाठी चार दिवस मोबाइल घेऊन वणवण केली आणि बरीच विद्या पदरात पडली. फुकट देते.

पहिलं म्हणजे, भाव लिहायचा नाही. रील करा. पातेल्यातून वाफ निघाली पाहिजे, फोडलेल्या मोदकावर तुपाची धार स्लो मोशनमध्ये पडली पाहिजे, मागे ढोल-ताशा. खाली शंभर बायका 'भाव?' विचारतील. सगळ्यांना एकच उत्तर: 'इनबॉक्स केलाय ताई.' इनबॉक्स उघडावा तर तिथे 'नंबर द्या'. नंबर दिला की व्हॉट्सॲपवर 'संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच उत्तर देऊ'. मी दोनदा आठवण करून दिली. निळ्या खुणा आल्या, भाव आला नाही. अहो, मोदक विकताय, मुलाचा पगार सांगताय का, एवढं लाजायला? नगाला 30 असेल, 50 असेल, सांगून टाका. नाही परवडलं तर आम्ही वाकडेतिकडे का होईना, घरी वळू. नाक्यावरची भाजीवाली पाटीवर खडूने भाव लिहिते. तुमच्याकडे व्हॉट्सॲप बिझनेस आहे, 2018 पासून फुकट मिळतंय, त्यात कॅटलॉग आहे, कॅटलॉगमध्ये किमतीचा रकाना आहे. तो काय हळदीकुंकू वाहायला दिलाय?

असो. मी शांत आहे.

लोगोवर तीन महिने घालवा.

रोज शुभेच्छा द्या. 20 मार्चचा जागतिक चिमणी दिन तर चुकवूच नका. चिमणी छोटी, तुमचा फोटो मोठा.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज सगळ्यांना एकदम पाठवायची सोय) 256 नंबर भरा आणि रोज सकाळी मेसेज सोडा. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही, पण पाठवल्याचं समाधान मिळतं.

रीलखालचं बूस्टचं बटण, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना रील दाखवायचं, दाबत राहा. ठिकाण विचारलं की 'भारत' ठेवा. मोदक डोंबिवलीत, बघणारे पाटण्यात, वर 18 टक्के जीएसटी. जाहिरात एजन्सीचा पोरगा 'रीच', म्हणजे बघणाऱ्यांचा आकडा, वाढल्याचा स्क्रीनशॉट पाठवेल, तो स्टेटसला ठेवा.

गूगल मॅप्सवरच्या पत्त्याला हात लावू नका. हरतालिकेच्या दुपारी मॅपने मला सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेऊन उभं केलं. मालक चाकातून मान वर न काढता म्हणाले, "मोदकवाले ना? तुम्ही आजच्या सातव्या. ते दोन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत गेले." मागच्या गल्लीत शटर खाली आणि मोबाइलवर हिरव्या अक्षरांत 'उघडे आहे'. फोन लावला. पूर्ण रिंग वाजली. पुन्हा लावला.

बास झालं आता. मॅपवरच्या तुमच्या धंद्याच्या प्रोफाइलमध्ये पत्ता आणि वेळ बदलायला गूगल एक पैसा घेत नाही. व्हेरिफिकेशनचे पैसे मागणारा फोन आला तर तो ठेवून द्यायचा असतो, उचलायचा असतो तो गिऱ्हाइकाचा! पत्ता, वेळ, सुट्टी, भाव, किती दिवस आधी सांगायचं, घरपोच देता की नाही, एवढं लिहायला अर्धा तास लागतो. तो तुम्हाला काढता येत नाही, आणि एजन्सीला महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून विचारता, गिऱ्हाईक का येत नाही? आलं होतं. पिशवी आणि रोख पैसे घेऊन तुमच्या शटरसमोर उन्हात उभं होतं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. उत्तर आलं गौरी जेवल्या त्या दिवशी: 'हाय डिअर, किती नग हवेत?' भाव त्यातही नव्हता.