ब्रेक वाजेपर्यंत थांबायचं?

पावसाळा तोंडावर आला की घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. वर गॅरेजवाल्यांच्या लुटीबद्दल चार ओळींचा संताप आणि खाली सल्ले. ब्रेक करकर वाजेपर्यंत पॅड चांगलेच असतात, तोवर गाडी उघडायला देऊ नका. ब्रेक ऑइल कमी झालं तर घरीच टाका. पेडल खाली गेलं तर दोनदा मारा, वर येतं. चढावर हँडब्रेक गाडी धरतो ना, मग ब्रेक ठणठणीत. डॅशबोर्डवरचा दिवा म्हणजे सेन्सरची खोड. आणि घाट उतरताना न्यूट्रल, म्हणजे पेट्रोल वाचतं. खाली अंगठ्यांची रांग लागते आणि कुणीतरी काका ‘उपयुक्त माहिती’ म्हणून मोकळे होतात.

लुटीच्या तक्रारीत तथ्य आहे, त्याकडे येतोच. पण सल्ल्यांत एक मूळ गफलत आहे: ब्रेकचं दुखणं कानाला कळतं असं हा मेसेज गृहीत धरतो. खरं तर ते बहुतेक वेळा आधी पायाला कळतं.

आवाजाचंच घ्या. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी पॅड घासून गाडी थांबते. अनेक पॅडना एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजून साधारण दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासते आणि चिरका आवाज येतो. मेसेज या पट्टीच्या भरवशावर आहे. पण ती प्रत्येक पॅडला नसते, स्वस्तातल्या पॅडना तर बऱ्याचदा नसतेच. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांच्या लायनरना (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांना) अशी सोय नसते. शिवाय एकाच चाकात आतला आणि बाहेरचा असे दोन पॅड असतात आणि ते सारखे झिजतीलच असं नाही. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या चिखलाने, गंजाने जाम झाल्या की आतला पॅड एकटाच घासला जातो. अलॉयच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं तर बाहेरचा पॅड पाच मिलिमीटर दिसतो, तुम्ही निश्चिंत होता, आणि तेव्हा आतला मागच्या पत्र्यापर्यंत झिजलेला असतो. तो चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही. नव्या पॅडवर घासणारा थर दहा-बारा मिलिमीटरचा असतो. तो तीनवर आला की बदलायचा, वाजो की न वाजो.

उलटंही खरं आहे. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा तांबूस थर चढतो, सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकना खरखर होते आणि जाते. त्यासाठी गॅरेज गाठायची गरज नाही. खरखर दिवसभर राहिली, किंवा लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर आली, तर मात्र त्याच दिवशी. तोवर पॅड संपून डिस्क कापली जात असते आणि पॅडवर वाचवलेले पैसे डिस्कवर जातात. आवाज बंद करायला पॅडवर तेल किंवा ग्रीस लावायचा सल्लाही मधूनच डोकावतो. त्याबद्दल एवढंच: घर्षणावरच चालणाऱ्या वस्तूला तेल लावू नये.

आता ब्रेक ऑइल. इंजिन ऑइल जळून थोडं कमी होऊ शकतं, ब्रेक ऑइल बंद नळ्यांत असतं, ते जळत नाही. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरली तर कारणं दोनच. पॅड झिजल्यामुळे कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकलेत आणि तिथे ऑइल गेलंय, किंवा कुठेतरी गळतंय. वरून ऑइल ओतलं की दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. म्हणजे ज्या डबीकडे बघून पॅड झिजल्याचा अंदाज आला असता, ती पुन्हा भरलेली दिसते. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं, तेलकट काही दिसलं तर ती गळती समजायची. या ऑइलला हात लागला तर धुवा, बॉनेटवर सांडलं तर रंग जाईल.

ऑइल कमी न होताही ते बिघडतं, याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. डॉट ३ आणि डॉट ४ या दर्जांची ब्रेक ऑइलं हवेतलं बाष्प शोषतात आणि आपल्या कोकणपट्टीच्या हवेत बाष्पाला तोटा नाही. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, पाणी मुरलेल्याचा निदान १४०. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. सपाट रस्त्यावर हा फरक कधीच जाणवत नाही. लांब घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरताना कॅलिपर तापतो, आतलं ऑइल उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल एकदम पोकळ लागतं. पायथ्याशी चहाला थांबलात, ब्रेक गार झाले की पेडल पुन्हा घट्ट! माणूस म्हणतो, मघाशी उगाच वाटलं. उगाच नव्हतं. ते ऑइल बदलायला झालंय. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात, नेमकी मुदत गाडीच्या पुस्तकात असते आणि कोणतं ऑइल ते डबीच्या झाकणावर.

‘दोनदा मारा, वर येतं’ हा या मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला, कारण तो खरा ठरतो. पेडल खरंच वर येतं. पण पहिल्या दाबाला ते खाली का गेलं? नळ्यांत हवा शिरली असेल. हवा राहिलेल्या सिरिंजसारखं मग पेडल स्पंजासारखं दबतं, ती हवा गॅरेजात काढून घ्यावी लागते. किंवा मागच्या ड्रममध्ये लायनर आणि ड्रम यांतलं अंतर वाढलंय. किंवा मास्टर सिलिंडरमधलं (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागातलं) रबर गेलंय. हे शेवटचं ओळखायची जागा म्हणजे सिग्नल. इंजिन चालू, ब्रेकवर पाय एकसारखा दाबून धरलेला, आणि पेडल हळूहळू खाली सरकत चाललंय. जमिनीवर थेंब नाही, आवाज नाही. रबराला वळसा घालून ऑइल आतल्या आत मागे येतंय. समोर अचानक रिक्षा वळली तर दुसऱ्यांदा पेडल मारायला वेळ कुठला? ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते.

पेडल दगडासारखं कडक झालं तर दुखणं वेगळं, बहुधा बूस्टरचं (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचं) किंवा त्याच्या पाइपचं. हे घरी तपासता येतं. इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली जरासं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गॅरेज.

ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली जात असेल, एका चाकाजवळ जळका वास येत असेल, किंवा ते चाक बाकीच्यांपेक्षा फार तापत असेल (हात लावू नका, जवळ नेला तरी झळ लागते), तर तिथला कॅलिपर अडकलेला असण्याची शक्यता मोठी. पेडल आणि स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क एकसारखी राहिलेली नाही. मात्र जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली जी कडकड जाणवते ती एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची), ती असायलाच हवी. तिला घाबरून पाय काढणारे लोक आहेत.

हँडब्रेकचा मुद्दा लवकर संपतो. बहुतेक गाड्यांत तो केबलने फक्त मागची चाकं धरतो. गाडी थांबवण्याचं मुख्य काम पुढची चाकं करतात, तेही ऑइलच्या जोरावर. केबल घट्ट असण्यावरून पुढच्या पॅडबद्दल काहीच कळत नाही.

दिव्यांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. नुसता पिवळा एबीएसचा दिवा पुष्कळदा चाकाजवळच्या सेन्सरमुळेच लागतो. साधे ब्रेक चालतात, एबीएस नाही. सावकाश चालवत दाखवून आणा. लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही राहिला तर डबीतली पातळी बघा. लाल-पिवळे दोन्ही एकदम लागले तर गाडी बाजूला घ्या.

आणि न्यूट्रल. घाट कुंभार्ली असो की आंबोली, गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना आजकालच्या इंजिनात इंधनाचा पुरवठाच तोडला जातो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे बचतीचं गणितही उलटं. वर इंजिनाची ओढ गेल्याने सगळा भार ब्रेकवर. काही महाभाग इंजिनही बंद करतात. मग बूस्टरमध्ये उरलेली निर्वात पोकळी दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल कडक होतं.

आता लूट. चांगले पॅड ‘संपलेत’ सांगून बदलणारे आहेत, दर सर्व्हिसला ब्रेक क्लीनिंगचे पैसे लावणारेही आहेत. त्यावर उपाय म्हणून गाडी न नेणं हा अजब न्याय झाला. चाक समोर काढायला सांगा, पॅडची जाडी मोजून दाखवा म्हणा, जुने पॅड परत मागा. डिस्क बदला म्हटलं तर तिच्यावर सहसा किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो आणि व्हर्नियरवरचा (जाडी मोजायच्या मापकावरचा) आकडा शेजारी ठेवा. डाव्या चाकाचे पॅड गेले म्हणून उजव्याचेही बदलायला सांगितले तर मात्र वाद घालू नका. एका अ‍ॅक्सलचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचे, पॅड जोडीनेच बदलतात, नाहीतर गाडी ओढते.

पेडल तळाला टेकत असेल किंवा चाकाशी ऑइल ठिबकत असेल तर ‘कोपऱ्यावरच तर गॅरेज आहे’ म्हणून चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टोइंग मागवा. तुमच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर त्याचा नंबर पॉलिसीवर छापलेला असतो.